चौदा जणांचं एक टेबल

॥ श्री ॥

ता. ५ जानेवारी

ती. सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, येत्या २४ फेब्रुवारीला तुमच्या घरामागच्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात डॉक्टरांची परिषद भरणार आहे. आमच्या मंडळाला तिथे बोलायला अर्धा तास दिला आहे. आम्ही चौदा जण येऊ. सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं आहे, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नाही. प्रश्न दुपारच्या जेवणाचा आहे. परिषदेतलं जेवण फी भरलेल्यांनाच आहे, आणि त्या हॉटेलातल्या एका ताटाच्या पैशांत आमच्या मंडळाचा महिन्याचा टपालखर्च निघतो.

तेव्हा जवळपास परवडेल असं ठिकाण तुमच्या माहितीत असल्यास कळवावं. हॉटेलपासून दहा मिनिटांच्या आत असावं, कारण मधली सुट्टी सव्वा तासाचीच आहे. आत जायला एकही पायरी नसावी. दार रुंद असावं. आणि सगळ्यांना एकाच टेबलावर बसता यावं, दोन इथे चार तिथे असं विखरून नको. ही शेवटची अट मंडळाच्या सेक्रेटरीची आहे, ती मोडता येत नाही.

फोन केला असता, पण बोलणं जमेलसं वाटलं नाही. त्रास देते आहे. जमलं नाही तर तसं लिहा, राग नाही.

मोठ्या भावजींना नमस्कार.

आपली,
धाकटी

ता. ११ जानेवारी

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

अगं, अकरा वर्षांनी पत्र आणि त्यात ‘सा. न. वि. वि.’? मी काय बँक आहे? पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि आधी ते देवापुढे ठेवलं, मग फोडलं. हे म्हणाले, “देवाला चष्मा लागेल आता, किती वेळ ठेवतेस?” त्यांचं नेहमीचंच.

‘राग नाही’ म्हणे! अकरा वर्षं मग काय होतं? शिळ्या कढीला ऊत आणायचा नाही, पण एकदाच सांगून मोकळी होते. त्या सहा कपांचं मी केव्हाच मनातून काढलंय. निळ्या काठाचे होते, लग्नातले होते, म्हणून तेव्हा जास्त बोलले, कबूल. पण कप काय, फुटायचेच. तुझ्या पोरीला ‘धडपडी’ म्हटलं, ‘ढोंगी’ म्हटलं, ते आपलं माणूस म्हणून. माझ्याकडून तो विषय संपला. तूही संपव.

आता कामाचं. तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन निघाले. हॉटेलला लागून जे आहे ते नाव मोठं, लक्षण खोटं. टेबलावर रुमाल असे घडी करून ठेवलेत की जेवायचं की उडवायचं कळू नये. दारातल्याने विचारलं, “किती जण?” म्हटलं, चौदा. “आरक्षण आहे?” म्हटलं, अहो जेवायचंय, गाडीत नाही बसायचं. दर ऐकून तशीच फिरले. पुढच्या कोपऱ्यावर एक नवीन निघालंय, तिथे इतकी उंच स्टुलं आहेत की माझे पाय लोंबकळत होते. बँकेच्या वर एक खानावळ आहे, स्वस्त, स्वच्छ, मालक देवभोळा. पण जिना पंधरा पायऱ्यांचा आणि दार अरुंद.

पण काय गं, दार रुंद कशाला? तुमच्या मंडळातल्या सगळ्या माझ्याच मापाच्या आहेत की काय? आणि एकसुद्धा पायरी नको ही तर राजेशाही झाली. पाच-सहा पायऱ्यांनी कुणी मरत नाही. मी म्हणते, ही शोधाशोध हवीच कशाला? सरळ घरी या. चौदा जणांचं मी एका हाताने करीन. तेवढंच तुझं पाऊल घराला लागेल.

धडपडी काय करते? तेवीस वर्षांची झाली असेल आता. अजून पडते का?

तुझी,
वहिनी

ता. १७ जानेवारी

ती. वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा चक्क हसू आलं. कप?

वहिनी, अकरा वर्षं मी कपांवरून आले नाही, असं तुम्हाला वाटत होतं?

ताकाला जाऊन भांडं मीच लपवलं, तेव्हा आता सरळ लिहिते. आमचं मंडळ म्हणजे बायकांची भिशी नव्हे. स्नायूंच्या आजाराची माणसं आणि त्यांच्या घरचे, असं ते मंडळ आहे. येणाऱ्या चौदांपैकी पाच जण चाकाच्या खुर्चीवर आहेत, एक मास्तर कुबड्यांवर. मंडळाची सेक्रेटरी तुमची धडपडी आहे. नऊ वर्षं झाली, ती चालत नाही. आजार पायांतून सुरू झाला, आता हातांत आहे. चमचा उचलता येतो, पण तोंडापर्यंत जाईलच असं नाही. बोलते मात्र भरपूर. परिषदेत तीच बोलणार आहे.

त्या दिवशी तुमच्या जिन्यावर ती ट्रे घेऊन पडली. तुम्ही म्हणालात, “काम नको म्हणून ढोंग.” मग म्हणालात, जिन्याची सवय नाही हिला, आणि तिला खाली जाऊन पुन्हा वर यायला लावलंत. तीन वेळा. बारा वर्षांची होती ती. तिसऱ्या वेळी कठडा धरून, मांड्यांवर हात दाबत दाबत उठली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की असं हात दाबून उठणं हेच या आजाराचं लक्षण. आठ महिन्यांनी आजाराचं नाव कळलं.

मी तिथेच उभी होते, वहिनी. थोरल्या जावेपुढे तोंड उघडायचं नाही एवढंच शिकून आले होते, ते पाळलं. तुमच्यावर राग होता हे खरं. पण त्यातला निम्मा माझा माझ्यावर होता. तुम्ही लांब होतात, म्हणून सगळा तुमच्या नावावर टाकणं सोपं गेलं. तिकडे काही कळवायचं नाही, हे ह्यांना मीच बजावलं होतं. म्हणून ते फोनवर मोठ्या भावजींना ‘सगळं बरं’ सांगत राहिले.

पाच-सहा पायऱ्यांनी कुणी मरत नाही, खरं आहे. पण एका पायरीने माणूस बाहेर राहतो. मागच्या वर्षी दुसऱ्या एका शहरात असंच बोलावणं होतं. जेवायच्या जागेला एकच पायरी होती, पण उंच. चालणारे आत जेवले आणि खुर्च्यांवरचे बाहेर गाड्या लावायच्या जागेत, मांडीवर पाकिटं घेऊन. परत येताना ती म्हणाली, “आई, आम्ही सगळे एकत्र जातो आणि जेवायच्या वेळी दोन जातींचे होतो.” तेव्हापासून ती एका टेबलाची अट आहे.

तुम्हाला विचारायचं तिनेच सुचवलं. म्हणाली, “मोठ्या काकूला विचार. तिला बाजारात कुणी फसवू शकत नाही.” आणि ‘धडपडी’ हे नाव तिने टाकलेलं नाही. मंडळात सगळे त्याच नावाने हाक मारतात, फक्त अर्थ बदललाय. सारखी धडपड करते, म्हणून धडपडी.

आपली,
धाकटी

ता. २९ जानेवारी

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. रोज कागद घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. देवापुढे बसले तर तिथेही शब्द सुचेना. अकरा वर्षं त्याला एकच सांगत आले, धाकटीचा राग उतरू दे. मागणंच चुकलेलं, त्याने तरी काय द्यावं?

पत्र वाचून मी आधी आमचा जिना मोजला. त्रेचाळीस पायऱ्या. तीस वर्षं चढते-उतरते आहे, कधी मोजल्या नव्हत्या. त्याला तिनाने गुणलं आणि तिथेच पायरीवर बसले. वरून ह्यांनी हाक मारली, “पडलीस का?” म्हटलं, नाही.

घरी या म्हणून कोणत्या तोंडाने लिहिलं मी.

आता ऐक. दवाखान्याजवळच्या दुकानात चाकाच्या खुर्च्या भाड्याने मिळतात. एक दिवसासाठी आणली, शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि ह्यांना खुर्चीत बसवून हॉटेलच्या दारापासून ढकलत निघाले. आधी हे खुशीत होते. म्हणाले, “लग्नाच्या वरातीतसुद्धा एवढं मिरवलं नव्हतं.” फुटपाथची पहिली कड आली तेव्हा मला कळलं की पायरी फक्त जिन्यात असते असं नाही. हा रस्ता मला तोंडपाठ आहे असं मी समजत होते! एका ठिकाणी आत शिरलो तर वाढपी माझ्याकडे बघून विचारतो, “ह्यांना काय द्यायचं?” हे ओरडले, “मला तोंड आहे!” त्यानंतर घरी येईपर्यंत एक विनोद केला नाही त्यांनी.

सातवं ठिकाण जमलं. हॉटेलपासून आठ मिनिटांवर बसगाड्यांचा डेपो आहे, त्याचं कॅंटीन. सामानाच्या ढकलगाड्या आत जातात म्हणून पायरी नाही. दार टेपने मोजलं, खुर्ची जाऊन वर वीतभर उरते. मोरीचं आणि संडासाचंही मोजलं, तिथे दोनच बोटं उरतात, पण जाते. कॅंटीनवाली बाई माझ्याच वयाची, जिभेला धार. म्हणाली, “बाहेरच्यांना नाही मिळत इथे. फक्त ड्रायव्हर-कंडक्टर.”

म्हटलं, “आमच्यातले पाच जण आपापली गाडी घेऊन येणार आहेत. ते ड्रायव्हरच की. आणि मागून ढकलणारे कंडक्टर.”

आधी माझ्याकडे बघत राहिली, मग खुर्चीतल्या ह्यांच्याकडे. मग पदराने तोंड पुसत इतकी हसली की हातातली पळी खाली ठेवावी लागली. म्हणाली, “साहेबांची चिठ्ठी आणा, ड्रायव्हरच्या दरात वाढते.” दोन खेपा घातल्या आणि साहेबांची चिठ्ठी आणली. दर तुमच्या मंडळाला झेपेल असा आहे.

आता एकच अडचण राहिली. टेबलं दोन जोडली की चौदा जण बसतात, पण खुर्चीचे हात टेबलाखाली जात नाहीत, कडेला आपटतात. माणूस हातभर लांब राहतो आणि घास मांडीवर सांडतो. डेपोचा मेकॅनिक म्हणाला, पायांखाली लाकडी ठोकळे देऊन टेबलं उंच करतो. पाच जागच्या साध्या खुर्च्या काढून ठेवायच्या, म्हणजे चाकाच्या खुर्च्या आत सरकतील.

ती काय खाते ते लिही. तिखट, पातळ, किती मऊ, सगळं.

तिला काय सांगू? ‘माफ कर’ असं लिहून पाहिलं. कागदावर ते उधारीच्या चिठ्ठीसारखं दिसतं. मला ती फक्त एकदा समोर यायला हवी. तिच्या पायाशी बसेन आणि काय ते बोलेन. एवढं एकच आता देवाकडे मागते आहे.

तुझी,
वहिनी

ता. ५ फेब्रुवारी

प्रिय मोठ्या काकू,

लिहिते आहे आई, बोलते आहे मी. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका तिच्या. मध्येच शाई फुटलेली दिसली तर तीही चूक तिचीच, तिला सांगितलंय रडायचं नाही म्हणून.

काकांना खुर्चीत घालून फिरवलंस हे वाचून मी मंडळातल्या सगळ्यांना फोन केले. आमच्या मास्तरांचा ठराव आहे की प्रत्येक शहरात अशी एक काकू नेमावी.

त्या जिन्याचं. काकू, तू ‘ढोंग’ म्हणालीस ना, ते अगदीच खोटं नव्हतं. मी ढोंग करतच होते. पण उलटं. आमच्या घरी कुणाला कळू नये म्हणून मी दोन वर्षं नीट चालता येत असल्याचं ढोंग करत होते. शाळेत बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने थांबायचे. तिसऱ्या वेळी वर आले तेव्हा तू म्हणालीस, “बघ, जमतं की नाही?” आणि मला वाटलं, वा, फसली. बारा वर्षांची होते, शहाणपण केवढं असणार! तू मला पकडलं नाहीस, एवढीच तुझी चूक. ती तर आईनेही केली, बाबांनीही आणि शाळेच्या डॉक्टरांनीही.

पण राग आला होता, तेही लिहायला सांगते. खूप आला होता. तो कधी गेला ते आठवत नाही.

जेवणाचं. सगळं मऊ, कालवलेलं. पाणी नळीने. तिखट चालतं, आई नाही म्हणेल, तिचं ऐकू नकोस. इतरांचं दहा मिनिटांत होतं तिथे मला चाळीस लागतात, म्हणून मला सगळ्यांच्या आधी वाढायचं. मोठी माणसं ताटकळली तरी चालेल का तुला?

आणि पायाशी वगैरे बसू नकोस. तिथे पाय ठेवायची लोखंडी पट्टी असते, कपाळ फुटेल. शेजारी बस.

तुझी,
धडपडी

ता. १९ फेब्रुवारी

ती. वहिनी, नमस्कार.

घाईत लिहिते आहे, इस्पितळातल्या बाकावर बसून. फोनवर सगळं सांगता आलं नाही. मागच्या बुधवारी तिला सर्दी झाली, ती छातीत उतरली. खोकून कफ बाहेर काढायची ताकद या मुलांत नसते. शुक्रवारी दाखल केलं. नाकातोंडावर मुखवटा आहे, यंत्र श्वास देतं. डॉक्टर म्हणतात, आठ-दहा दिवसांत उतार पडेल. आधीही एकदा पडला होता.

आमचं दोघींचं येणं होत नाही. बाकीचे येतील. तिचं भाषण मास्तर वाचतील. तुम्ही कॅंटीनमध्ये बाराच जणांचं सांगा.

तुम्ही काल फोनवर ‘आत्ता निघते’ म्हणालात, ते मी तिला सांगितलं. तिने मुखवटा काढायला लावला आणि म्हणाली, “काकू इकडे आली तर तिकडे टेबल कोण मांडणार? जेवण होऊ दे. मग ये म्हणावं.” एवढं बोलायला तिला बराच वेळ लागला, म्हणून जसंच्या तसं लिहिलंय. तिचं मन मोडू नका. पाच दिवसांचा तर प्रश्न आहे.

झालं की मात्र लगेच सविस्तर लिहा. तिला सगळं हवं आहे. कोण कुठे बसलं तेसुद्धा.

आपली,
धाकटी

ता. २५ फेब्रुवारी

चि. धडपडीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मनाप्रमाणे पार पडलं बघ. आता पहिल्यापासून ऐक.

काल सकाळी आठलाच मी कॅंटीनमध्ये गेले. मेकॅनिकने ठोकळे ठोकून ठेवले होते. मी टेबलावर दोन्ही हात टाकून लोंबकळून पाहिलं, हललं नाही. कॅंटीनवाली म्हणाली, “बाई, तुमचं वजन पेललं म्हणजे बस चढवली तरी चालेल.” ओलं फडकं फिरवून घेतलं, नळ्या मांडल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी मंडळी आली. रस्त्यातल्या त्या उंच कडेवर ह्यांनी आणि मेकॅनिकने फळी टाकली होती आणि हे तिथे वाहतूक पोलिसासारखे हात करून उभे होते. ऐकतात कुणाचं?

पाचही जागा टेबलाच्या मधोमध ठेवल्या होत्या, दाराशी एकही नाही. खुर्च्या आत सरकल्या, हात टेबलाखाली गेले. छाती टेबलाला लागली तेव्हा तुमच्यातले ते घड्याळवाले गृहस्थ नुसते टेबलावरून तळहात फिरवत राहिले. मग गंमत झाली. टेबल उंच झालेलं, त्यामुळे साध्या खुर्च्यांवर जे चालणारे बसले त्यांची हनुवटी ताटाला टेकायला लागली. मास्तरांचे तर नुसते डोळे दिसत होते. शेवटी कॅंटीनवालीने तांदळाची रिकामी पोती घडी करून त्यांच्याखाली दिली. तुमच्यातली ती गोरटेली मुलगी, लाल खुर्चीवाली, म्हणाली, “घ्या! आज चालणाऱ्यांची गैरसोय. तक्रारवही कुठे आहे?” सगळं टेबल हसलं. पलीकडे जेवणारे ड्रायव्हरसुद्धा हसले. त्यातला एक उठून आला आणि लाल खुर्चीची चाकं वाकून बघत म्हणाला, “हवा कमी आहे, ताई. जेवण होईपर्यंत भरून देतो.” आणि दिली.

सावकाश जेवणाऱ्यांना आधी वाढलं. तू सांगितलंस तसंच. बाकीचे ताटकळले, कुणी मेलं नाही.

जेवण साधंच होतं. गरम भात, मऊ शिजवलेली भाजी, तिखट बेताचं. लाल खुर्चीवालीने दोनदा घेतलं. विखुरलेलं कुणी नव्हतं. एकच टेबल होतं आणि ते भरलं होतं.

मास्तरांनी तुझं भाषण वाचलं ते मला ऐकायला नाही मिळालं, मी भांडी आवरत होते. पण संध्याकाळी निघताना ते सांगत होते की वाचून झाल्यावर डॉक्टर मंडळी बराच वेळ टाळ्या वाजवायची विसरली, आणि मग थांबायची विसरली.

आता बरी हो. सोमवारचं आमचं तिकीट काढलंय. तुझ्या शेजारी बसायचंय मला. बोलायचंही आहे, पण ते तू टाळशील हे आता कळून चुकलंय. टाळ. मी नुसती बसेन.

तुझी,
मोठी काकू

ता. ९ मार्च

ती. वहिनी, नमस्कार.

फोनवर ह्यांनी कळवलंच आहे. मला तेव्हा बोलता आलं नाही. तुम्ही त्याच रात्री निघत होतात आणि मी नको म्हणाले, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत तुम्ही यावं असं मला वाटत नव्हतं. आता सगळे गेले आहेत.

तुमचं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. ती गेली रविवारी पहाटे. म्हणजे मिळालं तिला. हे तुम्हाला लगेच कळायला हवं होतं. मी दोन वेळा वाचून दाखवलं. पोत्यांचा भाग आला तेव्हा ती हसली. मुखवट्यात हसता येत नाही, पण डोळ्यांनी हसली, आणि बोटाने खूण केली, पुन्हा वाच म्हणून. तो भाग चार वेळा वाचला. हवा भरून दिली तो भागही.

मग तिने मुखवटा बाजूला करायला लावला. नर्स रागावली. तिला एकच विचारायचं होतं. म्हणाली, “सगळ्यांचं लिहिलंय. काकू जेवली का, ते लिहिलंच नाही.”

मी म्हटलं, जेवली असेल की. तिने मान हलवली, म्हणजे असं नको, विचारून सांग. मी म्हटलं, सोमवारी येतीलच, तूच विचार.

ते शेवटचं नव्हे. नंतरही ती पाणी म्हणाली, बाबा कुठेत म्हणाली. पण मी सांगते म्हणाले आणि सांगितलं नाही असं ते एकच राहिलं. रोज तिच्या खोलीत गेले की ते आठवतं. म्हणून विचारते आहे. जेवलात का तुम्ही?

आपली,
धाकटी

ता. १३ मार्च

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं येतो आहोत. या वेळी नको म्हणू नकोस.

तू विचारलंस त्याचं उत्तर. वाढणारणीला कुठे सवड असते, असं लिहिणार होते. तसं लिहिलं असतं तर तुलाही पटलं असतं. पण तिने विचारलेलं आहे.

नाही जेवले.

बारा जणांचं सांगा असं तू लिहिलं होतंस. मी सांगितलंच नाही. चौदाच मांडले. टेबल भरलं होतं असं मी तिला लिहिलं, ते खोटं होतं. टेबलाच्या मधोमध तुझी खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीशेजारी धडपडीची जागा. तिथली खुर्ची मीच सकाळी काढून भिंतीला लावली होती, तिची आत सरकावी म्हणून. चार सरकल्या. पाचवी जागा तशीच उघडी राहिली, मधूनच पलीकडची भिंत दिसायची.

सगळ्यांचं होत आलं तेव्हा कॅंटीनवाली म्हणाली, “बाई, किती वेळ उभ्या? बसा, तुमचं वाढते.” भिंतीजवळची खुर्ची तिने उचलली आणि त्या जागी ठेवायला आणली. मी तिचा हात धरला. म्हटलं, इथे खुर्ची ठेवायची नाही. तिने ती परत भिंतीला लावली. मग तुझ्या खुर्चीकडे बोट केलं, म्हणाली, “मग इथे बसा.”

तिथे बसता आलं असतं. शेजारी बस, असं तिने सांगितलंच होतं मला. पण धाकटे, कुणाच्या शेजारी बसणार होते मी?

म्हणून उभीच राहिले. भात निवून गेला.

तुझी,
वहिनी